झांकलेला दोष

वस्तु चांगली दिसणें आणि ती चांगली असणें यांत भेद आहे, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु ऐकलेलें सत्य आपल्या खिशाला किंवा अभिमानाला येऊन भिडेपर्यंत त्याची किंमत आपणांस कळत नाहीं. मला ती एका लहानशा होडीमुळें कळली; आणि ती होडी अद्यापि पाण्यांत उतरलेली नाहीं, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें.

मुंब्रा, महापे, कल्याण आणि पनवेल या चार दिशांना जाणारे रस्ते शीळफाट्यावर एकत्र येतात. रात्रंदिवस मालमोटारींची वर्दळ, दोहों बाजूंस गोदामें आणि भंगाराचीं दुकानें, असा हा परिसर. येथें राहून होडीचें वेड लागावें, हें पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. परंतु खाडी येथून फार दूर नाहीं. शिवाय आमच्या दारावरून जो रस्ता कल्याणास जातो, त्याच कल्याणाचें बंदर १६५७ सालीं हातीं आल्यावर शिवाजी महाराजांनीं तेथें जहाजें बांधावयास आरंभ केला होता. तेव्हां शाळेंतील नोकरी संपल्यावर मीं घराच्या पडवींत बारा फुटी होडी बांधावयास घेतली, तर त्या वेडाला निदान परंपरेचा आधार होता, असें मी मानतों. मदतीला माझा पुतण्या होता. होडी अल्युमिनियमच्या पत्र्याची करावयाची असें ठरलें, कारण हा धातु हलका आहे आणि त्याला लोखंडासारखा गंज चढत नाहीं.

स्वयंपाकघरांत ‘जर्मन’ या नांवानें वावरणारा हा धातु स्वभावानें किती गूढ आहे, हें जोडकाम करूं लागल्यावर कळतें. लोखंड तापलें म्हणजे लाल होऊन इशारा देतें. हा मात्र रंग न बदलतां एकाएकीं ढांसळतो. तो सुमारें ६६० अंशांवर वितळतो. पण हवेच्या स्पर्शानें त्याच्या अंगावर धरलेली ऑक्साइडची पातळ साय वितळावयास दोन हजारांहून अधिक अंश उष्णता लागते. म्हणजे आंत पाणी झालेलें असतें, आणि वर कवच शाबूत! विजेच्या उलटसुलट प्रवाहानें ही साय फोडावी लागते, आणि पुन्हां ती धरूं नये म्हणून आर्गॉन वायूचें पांघरूण घालावें लागतें.

पहिल्या सांध्याला आम्हीं पत्र्यांत रुपयाएवढें भोंक पाडलें. दुसऱ्या वेळीं उष्णतेनें पत्रा असा वांकला कीं, होडीचा तळ कढईसारखा दिसूं लागला. हीं संकटें परवडलीं, कारण तीं दिसत होतीं. खरें संकट पावसाळ्यांत आलें. दमट हवेंतल्या आणि पत्र्यावरच्या ओलाव्यांतून सुटलेला हायड्रोजन वितळलेल्या धातूंत शिरतो. धातु थिजतांना त्याला बाहेर पडावयास सवड मिळत नाहीं, आणि सांध्याच्या पोटांत बारीक बुडबुडे राहून जातात. आमच्या तळाच्या तिन्ही सांध्यांत ते राहिले. वर काळे ठिपके दिसले, ते पुतण्यानें यंत्रावर घांसून काढले. खालीं इतकी सुरेख रुपेरी रेघ उमटली कीं, शेजारी मुद्दाम पाहावयास आले. सांधा घांसल्यानें दुबळा झाला होता आणि देखणाही झाला होता.

नाक्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानांतील मिस्त्रीनें एक जुनी परीक्षा सांगितली होती. बाहेरून सांध्यावर खडूचा ओला लेप देऊन वाळवावा, मग आंतून रॉकेल लावावें आणि थांबावें. जन्मभर ज्या खडूनें मीं दुसऱ्यांच्या चुका फळ्यावर मांडल्या, त्याच खडूवर तासाभरांत माझ्या चुका उमटल्या. सात डाग होते.

याच सुमारास खाडीकांठचे एक ओळखीचे गृहस्थ होडी पाहून गेले. मासेमारीसाठीं ती त्यांना हवी होती, आणि दिलेली किंमत माझ्या सर्व खर्चापेक्षां अधिक होती. पुतण्या म्हणाला, “काका, रंगाचे दोन हात दिले कीं डाग कोणाला दिसणार? आणि एवढ्याशा भोंकांनीं होडी कांहीं बुडत नाहीं.” मी त्याला रागें भरलों नाहीं. कारण तोच विचार त्याच्याआधीं माझ्या मनांत येऊन बसला होता, आणि त्यानें आपल्या बाजूचे पुरावेही गोळा करून ठेवले होते.

त्यांतला सर्वांत प्रबळ पुरावा असा: “या होडींत मी स्वतः बसेन काय? बसेन. मग ती दुसऱ्याला देण्यांत पाप कसलें?” ही कसोटी वरवर निर्दोष वाटते, आणि व्यवहारांत आपण हीच लावतों. परंतु मी बसेन तो सात डाग कोठें आहेत हें जाणून बसेन. पायाशीं पाणी उपसावयास डबा ठेवीन, कांठ सोडणार नाहीं. घेणारा मात्र जाळें, मुलगा आणि भरवसा घेऊन मध्यापर्यंत जाईल. होडी एकच, पण तींत मी सुरक्षित आणि तो असुरक्षित. हा फरक मीं लपविलेल्या माहितीनें पडतो. झांकल्यानें दोष नाहींसा होत नाहीं. त्याचा फक्त मालक बदलतो.

शीळफाट्यावर राहणाऱ्याला हें कोणी समजावून सांगावें लागूं नये. ४ एप्रिल २०१३ रोजीं येथें एक बेकायदा उभारलेली अनेकमजली इमारत कोसळून ७४ माणसें मेलीं. वर बांधकाम चालूच होतें आणि खालीं बिऱ्हाडें राहत होतीं. तेथेंच राबणाऱ्या मजुरांचीं कुटुंबेंही त्यांत होतीं. त्या भिंतींवर कितपत भरवसा ठेवावा, हें त्यांना कोणीं सांगितलें होतें? होडी कोठें आणि इमारत कोठें, असें म्हणून मला सुटतां येईल. पण दुसऱ्यानें आपल्या शब्दावर जीव ठेवावा आणि आपण त्याला ठाऊक असलेलें सांगूं नये, हा प्रकार दोहोंकडे एकच आहे; अंतर केवळ प्रेतांच्या संख्येचें.

यावर कोणी म्हणेल, निर्दोष असें जगांत काय आहे? संपूर्णतेची वाट पाहत बसल्यास एकही होडी पाण्यांत उतरणार नाहीं. आक्षेप खरा आहे. आमच्या जुन्या लांकडी होड्याही पाझरत, आणि नावाडी पाणी उपसत. परंतु तो पाझर सर्वांस ठाऊक असे. तो पत्करून माणूस होडींत पाय ठेवी. सांगितलेला दोष दोघांचा होतो. न सांगितलेला दोष एकाची फसवणूक होतो. माणसाकडून निर्दोषत्वाची अपेक्षा करणें अन्याय होईल. पण आपल्या कामाची परीक्षा त्यानें दोष सांपडावा अशाच इच्छेनें घ्यावी, आणि सांपडलेलें सांगावें, एवढी अपेक्षा कोणाकडूनही करतां येते. परीक्षा घेऊन उत्तर झांकणारा हा परीक्षाच न घेणाऱ्याहून अधिक अपराधी होय.

मीं मिस्त्रीला बोलावून विचारलें कीं, वरून आणखी एक थर दिला तर चालेल काय? तो म्हणाला, “वरून कितीही चढवा, मास्तर. खालचें सडकें काढल्याशिवाय तें धरणार नाहीं.” मग आम्हीं तिन्ही सांधे खरवडून निर्मळ धातु लागेपर्यंत कापले. आठवड्यांचें काम एका दुपारीं गेलें. त्या गृहस्थांना मीं सगळें सांगितलें, तेव्हां ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “बरें झालें बोललांत. तोंवर जुनीच वल्हवतों.”

पाऊस ओसरल्यावर, पत्रा कोरडा आणि लख्ख करून, आम्हीं सांधे नव्यानें जोडले. दोन सांध्यांवरचा खडू पांढराच राहिला. तिसऱ्यावर, नाळेजवळ, तांदळाएवढा एक डाग उमटला आहे. पुतण्यानें यावेळीं रंगाचें नांव काढलें नाहीं. मीं हांक मारण्यापूर्वींच तो यंत्र घेऊन पडवींत गेला.