लाकडी बैलाचा घसारा

कला म्हणजे काय, हा प्रश्न मराठी माणसाला सहसा दोन ठिकाणी पडतो. एक, प्रदर्शनात उलटसुलट रेघांच्या चौकटीपुढे उभे असताना. आणि दुसरे, तिकिटाचे पैसे मोजून नाटकाला गेल्यावर दुसऱ्या अंकात शेजारचा घोरू लागतो तेव्हा. पैकी घोरणाऱ्याला हा प्रश्न सुटलेला असतो. पंचाईत होते ती जाग्या माणसांची. कळले म्हणावे तर समजावून सांगावे लागते, आणि नाही कळले म्हणावे तर बायकोसमोर अडाणी ठरायचे. मग आपण हनुवटीला हात लावून "हं... वेगळं आहे" असे म्हणतो आणि चहा कुठे मिळतो ते बघायला लागतो.

मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर, त्यात बँकेतला कारकून. आम्हा लोकांना एक खोड असते. कोणतीही गोष्ट समोर आली की ती कोणत्या खात्यात टाकायची हे आधी बघायचे. कला मात्र कुठल्याच खात्यात बसेना. खर्चात टाकावी तर लोक हा खर्च पोटाला चिमटा काढून आणि वर हसतमुखाने करतात. मालमत्तेत टाकावी तर तानेला कुलूप लावून ती तिजोरीत ठेवता येत नाही. अशा नोंदींसाठी बँकेत सस्पेन्स अकाउंट असते. रक्कम आली आहे खरी, पण कशाची ते ठाऊक नाही; तपास लागेपर्यंत इथे पडू द्या! माझ्या हिशेबी कला बरीच वर्षे तिथेच पडून होती. पण ऑडिटर लोक हे खाते फार दिवस उघडे राहू देत नाहीत. तेव्हा तपास करणे भाग पडले.

आधी थोरांच्या दारी गेलो. वात्स्यायनाच्या कामसूत्रात (दचकू नका, आपण फक्त यादी वाचणार आहोत) चौसष्ट कला सांगितल्या आहेत. गायन, वादन, नृत्य, चित्र हे ठीक. पण त्याच यादीत अंथरूण घालणे, पोपट-मैनेला बोलायला शिकवणे आणि एडक्या-कोंबड्यांच्या झुंजी लावणे याही कला आहेत. शेवटच्या कलेत आमच्या शाखेतले दोघेतिघे सहज पारंगत ठरतील. मग मराठीकडे वळलो. फडके म्हणाले कलेसाठी कला, खांडेकर म्हणाले जीवनासाठी कला. दोन्ही बाजूंनी इतके लिहिले गेले, की निदान कागदवाल्यांच्या जीवनाला या कलेचा हातभार नक्कीच लागला असेल.

टॉल्स्टॉयने तर 'कला म्हणजे काय?' याच नावाचे पुस्तक १८९७-९८ साली काढले. त्यात त्याने बीथोव्हेनची नववी सिंफनी बाद केली, आणि स्वतःच्या दोन छोट्या कथा सोडून बाकी सगळे ललित लेखन वाईट कलेत टाकले. इतक्या मोठ्या रकमा एका फटक्यात बुडीत खात्यात टाकणारा माणूस मी बँकेतही पाहिलेला नाही. पण त्याचे एक म्हणणे खिशात ठेवण्यासारखे आहे. एकाच्या मनातले दुसऱ्याच्या मनात पोचवणे म्हणजे कला, असे तो म्हणतो.

ठीक आहे. पण ते पोचते कशातून? याचे उत्तर मला रशियात नाही, नागपुरात सापडले. आणि तेही बैलापाशी.

पोळ्याच्या दिवशी बैलाला कामाला जुंपत नाहीत. त्याला आंघोळ घालतात, शिंगे रंगवतात, पाठीवर झूल टाकतात, पुरणपोळी चारतात. आता हिशेबनीस म्हणून सांगतो, बैलाकडून काम घ्यायला चारापाणी पुरते. शिंगे रंगवल्याने नांगर खोल जात नाही, आणि बैल काही आरशात बघत नाही. तरी कर्ज काढून बियाणे घेतलेला शेतकरीसुद्धा त्या दिवशी रंगाची पुडी आणतो. कामापुरत्या कामाच्या वर हे जे काही केले जाते, ते कोणत्या खात्यात टाकायचे?

दुसऱ्या दिवशी नागपूर याच्याही पुढे जाते. त्या दिवशी तान्हा पोळा! दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली तो सुरू केला असे सांगतात. पोरेसोरे चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा म्हणून चार पैसे मिळवतात. हा बैल चारा खात नाही, नांगर ओढत नाही, शेणदेखील देत नाही. आदल्या दिवशीपर्यंत बैल माणसाचा गाडा ओढत होता. आज माणूसच बैलाला ओढत नेतो. उपयोग पार शून्यावर आला आणि सजावट तेवढी उरली.

असा एक बैल आमच्या घरी होता. वडील गेल्यानंतर आम्ही तिघे भावंडे वाटणीला बसलो. दादा पुण्याहून, ताई अमरावतीहून आली. घर, ठेवी, तांब्यापितळेची भांडी, कपाट, सगळे तासाभरात आटोपले. "तुला राहू दे", "नको, तुलाच राहू दे", असे ते गोडीचे चालले होते. मग माळ्यावरून बैल खाली आला. एक शिंग मोडलेले, एक चाक गेलेले. बाजारात त्याला कोणी जळणाच्या भावानेही घेतले नसते. ताई म्हणाली, "बाकी काही नाही दिलं तरी चालेल, बैल मी नेणार." दादा एकदम उभाच राहिला. "कायले? मोठा मी आहे!" आणि त्या दिवसातले पहिले भांडण झाले ते शून्य रुपयांच्या मालावर.

त्याचे असे होते, की वडील दर पोळ्याच्या रात्री तो बैल स्वतः रंगवत. एरवी या माणसाने हातात ब्रश धरला तो फक्त दाढीचा. पण त्या रात्री कंदिलाएवढ्या उजेडात, जीभ दातांत धरून, ते बैलाचे डोळे काढत बसायचे. मोडक्या शिंगाच्या कडेला रंगांचे थर दिसतात. वर तांबडा, त्याखाली हिरवा, त्याखाली गुलाबी. एकेक थर म्हणजे एकेक वर्ष. आम्हाला ते कधी जवळ घेऊन काही बोलल्याचे तिघांनाही आठवत नाही. त्या काळच्या वडिलांची तशी पद्धत नव्हती. जे काय बोलायचे ते त्यांनी बैलाच्या पापण्यांवर बोलून ठेवले होते. आता दर पोळ्याला बैल घर बदलतो. यंदा पुण्याला, पुढच्या वर्षी अमरावतीला, मग माझ्याकडे.

तेव्हा कला म्हणजे टिकणारी वस्तू, असा निकाल देऊन मी खाते बंद करणार होतो. पण त्याच तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात मारबतीही निघतात. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. बांबू, कागद, कापड यांचे हे प्रचंड पुतळे. बरोबर महागाई-भ्रष्टाचाराचे बडगे. लोक त्यांना साऱ्या इडापिडा, रोगराई घेऊन जायला सांगतात आणि शेवटी जाळून टाकतात. म्हणजे टिकण्याचा प्रश्नच मिटला!

आमच्या शाखेतले दफ्तरी इतवारीचे. दरसाल ते गल्लीतल्या पोरांबरोबर बडग्या करतात. मी त्यांना विचारले, "का हो भाऊ, इतके दिवस खपून करता आणि एका दिवसात जाळता. वाईट नाही वाटत?"

"वाईट कायले वाटन जी? जाळासाठीच तर करून राहिलो."

"मग त्याच्या डोळ्यांवर एवढी मेहनत कशाला?"

त्यांनी व्हाउचरांचा गठ्ठा बांधता बांधता माझ्याकडे पाहिले. "आता साहेब, जाळाचा आहे म्हून का आंधळा पाठवाचा त्याले?"

या वाक्यापुढे टॉल्स्टॉयनेही पुस्तक मिटले असते असे मला वाटते. वस्तू टिको वा न टिको, उपयोगी पडो वा न पडो. तिला डोळे द्यावेसे वाटणे, ही ती सस्पेन्समधली रक्कम. ती गरजेच्या वरची असते, म्हणून कोणत्याच हिशेबात येत नाही. आणि गरजेपुरते सगळे माणसाबरोबर संपते, म्हणून मागे उरते ती हीच. कधी ती लाकडावर उरते, कधी नुसतीच बघणाऱ्यांच्या मनात. मारबत दरसाल जळते आणि दरसाल पुन्हा उभी राहते, ती काही राखेतून नव्हे.

घसाऱ्याचे गणित जुळवायचा मी एकदा प्रयत्न केला. सालीना दहा टक्के, घटत्या शिल्लक पद्धतीने. या पद्धतीची गंमत अशी, की कितीही वर्षे घसारा कापत गेलात तरी किंमत पुरती शून्य होत नाही. बी.कॉम.ला असताना हा मला त्या पद्धतीचा दोष वाटायचा. आता बैलाच्या नावासमोर मी दरसाल तेवढेच लिहितो: बाकी पुढे नेली.