अभय कोणी कोणाला द्यायचे?

भय ही माणसाची उपजत वृत्ती आहे. भयाचे राजकारण मात्र घडवावे लागते. लोकांच्या मनात आधीपासून असलेल्या, आणि बऱ्याचदा साधारही असलेल्या धास्तीला एखाद्या समूहाचे नाव चिकटवायचे, आणि त्या समूहापासून संरक्षण हवे असेल तर सर्वांनीच आपल्या हक्कांचा काही वाटा सत्तेच्या हवाली केला पाहिजे असे पटवून द्यायचे, एवढी त्याची रीत असते. जे हक्क अशा वेळी हवाली केले जातात, म्हणजे बोलण्याचे, जमण्याचे, कारण कळल्याखेरीज अटक न होण्याचे आणि बाजू मांडल्याखेरीज शिक्षा न होण्याचे, त्यांना नागरी स्वातंत्र्ये म्हणतात. ती कमी झाल्याने भय खरोखर कमी होते का, हा प्रश्न राज्यशास्त्राचा आहे. पण अभय म्हणजे दुसऱ्याला जेरबंद करून स्वतःसाठी मिळवायची स्थिती की दुसऱ्याला द्यायची गोष्ट, हा त्याच्या तळाशी असलेला प्रश्न धर्मविचाराचा आहे.

इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज याने १६५१ साली ‘लेव्हायथन’मध्ये असे मांडले की माणसे परस्परांच्या भयाने आपली स्वायत्तता एका सार्वभौम सत्तेला देऊन टाकतात आणि तिथूनच राज्य उभे राहते. मोठा मासा लहान माशाला गिळतो त्या अवस्थेला, म्हणजे मात्स्यन्यायाला, आळा घालण्यासाठी दंड हवा, हा आपल्याकडचा विचार वरवर पाहता हॉब्जच्याच वाटेने जातो. परंतु अर्थशास्त्रात कौटिल्य तिथेच थांबत नाही. दंड फार कठोर झाला तर प्रजा राजाला भिते व त्याच्यापासून दुरावते, फार मऊ झाला तर त्याला जुमानत नाही, म्हणून दंड अपराधाला साजेसा हवा, असे तो बजावतो. राजा स्वतःच भयाचे कारण ठरू शकतो, ही शक्यता हॉब्जपेक्षा कौटिल्याने अधिक गांभीर्याने घेतली, असे म्हणण्यास जागा आहे.

धर्मपरंपरांनी याहून पुढचे पाऊल टाकले. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गुणांची गणना अभयापासून सुरू होते. तिथे अभय हा अंतःकरणाचा गुण आहे. संन्यासविधीत मात्र त्याची दिशा पालटते, कारण संन्यास घेणारा सर्व भूतांना अभय देतो, म्हणजे यापुढे आपल्यापासून कोणालाही भय नाही असे जाहीर करतो. जैन परंपरा आहार, औषध आणि शास्त्र यांच्या पंक्तीला अभयदान बसवते, आणि सूत्रकृतांगात तर ते दानांत श्रेष्ठ मानले आहे. कुराणाच्या ‘कुरैश’ या छोट्या अध्यायात ईश्वराची ओळख भुकेल्यांना अन्न व भयग्रस्तांना सुरक्षितता देणारा अशी करून दिली आहे. या सर्व ठिकाणी अभय हे समर्थाने द्यायचे असते. आधुनिक समाजात सर्वांत समर्थ राज्यसंस्था असते, तेव्हा हे देणे तिच्याकडे लागते, आणि नोटीस, सुनावणी, पुरावा व अपील ही रुक्ष वाटणारी कार्यपद्धती म्हणजे त्या अभयदानाचे नागरी रूप होय.

हा विचार पडताळून पाहायला मीरा-भाईंदरइतके जवळचे शहर सापडणे कठीण. भाईंदरची जैन मंदिरे, उत्तनची चर्च आणि मीरा रोडच्या नया नगरमधल्या मशिदी एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत आहेत. २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. या शहराची वाढ केवळ स्वस्त घरांमुळे झालेली नाही. १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींत सुमारे ९०० माणसे मारली गेली, आणि त्यानंतर अनेक मुसलमान कुटुंबांनी मिश्र वस्ती सोडून मुंब्रा वा मीरा रोड गाठले. आपल्यासारख्यांच्या शेजारी राहण्यात त्यांना सुरक्षितता वाटली. पुढे तीच दाटीची वस्ती इतरांच्या भयाचा विषय झाली, ही या स्थलांतराची क्रूर परिणती म्हटली पाहिजे.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले, त्यांतला एक मीरा रोड-भाईंदर परिसरात. एकूण १८० हून अधिक प्रवासी दगावले. विरार गाडीच्या दारात लटकून रोज घरी परतणाऱ्यांच्या मनात त्यानंतर जे भय बसले ते कोणत्याही पक्षाने पेरलेले नव्हते. खटला मात्र १९९९ च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याखाली, म्हणजे मोक्काखाली, चालला. एरवी पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यापासून चालत आला आहे; मोक्काने अधीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब ग्राह्य ठरवला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरून पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते कबुलीजबाब अविश्वसनीय ठरवले, छळाचा आरोप ग्राह्य धरला आणि सर्वांना निर्दोष सोडले. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, परंतु सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही. एकोणीस वर्षांनंतर मृतांच्या कुटुंबीयांपाशी गुन्हेगाराचे खात्रीचे नाव नाही. भयापोटी पुराव्याचा नियम सैल केला, की त्याची किंमत आरोपीइतकीच पीडितालाही मोजावी लागते; ‘दहशतवाद्यांना कसले हक्क?’ असे विचारणारे हा हिशेब सहसा मांडत नाहीत.

२१ जानेवारी २०२४ च्या रात्री, अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेच्या आदल्या दिवशी, नया नगरमधून जाणाऱ्या वाहनफेरीवर हल्ला झाला. हल्लेखोरांना पकडणे हे पोलिसांचे कर्तव्यच होते आणि अटकाही झाल्या. परंतु २३ तारखेला महापालिकेचा बुलडोझर त्याच भागातील दुकानांच्या बांधकामांवर फिरला, आणि अतिक्रमणविरोधी कारवाई असे त्याचे अधिकृत नाव असले तरी दंगलीची शिक्षा म्हणूनच शहराने ती वाचली. दगड कोणी मारला आणि गाळा कोणाचा पडला, ही दोन्ही माणसे एकच आहेत का, याचा छडा लावायला दोन दिवस पुरत नाहीत. जो जमाव या कारवाईवर खूश झाला, त्याला आपले काही गेले असे वाटले नाही; नोटिशीचा हक्क जणू फक्त त्या गल्लीचा होता.

दीड वर्षात चित्र फिरले. जून २०२५ च्या अखेरीस मराठीच्या वादावरून मीरा रोडमधील एका दुकानदाराला मनसेच्या कार्यकर्त्यांनी थोबाडीत मारली. आपल्याच राज्यात आपली भाषा परकी होईल ही मराठी माणसाची धास्ती खोटी नाही; मात्र गल्ल्यावर बसलेल्या माणसाला चपराक मारून भाषा रुजत नाही, तिची दहशत तेवढी बसते. व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून मोर्चा काढला. त्याला उत्तर म्हणून ८ जुलैला ठरलेल्या मराठी मोर्चाला मात्र हव्या त्या मार्गाची परवानगी मिळाली नाही, आणि मनसेचे अविनाश जाधव यांना पहाटेच्या आधीच ताब्यात घेण्यात आले. गुन्हा घडण्यापूर्वी, तो घडेल या अंदाजाने माणसाला अडकवणे याला प्रतिबंधात्मक कारवाई म्हणतात. तिच्याविरुद्ध लोक तरीही रस्त्यावर उतरले, ही त्या आठवड्यातली आशादायक बाब होय. दोनच दिवसांनी, १० जुलैला, विधानसभेने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. कडव्या डाव्या संघटनांविरुद्ध असे त्याचे समर्थन झाले. पण प्रस्थापित कायद्याच्या अवज्ञेला उत्तेजन देणे हेही त्याच्या मूळ मसुद्यात बेकायदेशीर कृत्यांत मोडत होते, आणि या व्याख्येत वडाळ्याचा १९३० चा मीठ-सत्याग्रह सहज बसला असता.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. संन्याशाला अभय देणे परवडते, कारण त्याला कोणाचे रक्षण करायचे नसते. राज्याने दंगलखोराला अभय दिले तर निरपराधाचे अभय जाते. आक्षेप खरा आहे, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. कार्यपद्धती अपराध्याला शिक्षेपासून अभय देत नाही. ती प्रत्येकाला चुकीच्या शिक्षेपासून अभय देते, आणि अपराधी कोण हे ठरेपर्यंत अपराधी आणि निरपराध यांत फरक करण्याचे दुसरे साधन कोणापाशीच नसते. न्या. भूषण गवई व न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी पाडकामांविषयी दिलेला निकाल याच पायावर उभा आहे: आरोपी असल्यामुळे घर पाडता येणार नाही, किमान १५ दिवसांची नोटीस, सुनावणी, कारणांसह आदेश आणि कारवाईचे चित्रीकरण हवे, आणि नियम मोडल्यास भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून. मात्र सार्वजनिक रस्ता, पदपथ आणि रेल्वेमार्गालगतची बांधकामे या संरक्षणातून वगळली आहेत. त्यामुळे गाळा असलेल्याला हे अभय लाभते, गाळ्यासमोर हातगाडी लावणाऱ्याला ते या निकालातून मिळत नाही. त्याच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. हटवण्यापूर्वी ३० दिवसांची नोटीस तो कायदा सांगतो, आणि पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवू नये असेही सांगतो. मीरा रोड स्थानकाबाहेर पालिकेची गाडी दिसताच टोपल्या उचलून पळणाऱ्या भाजीवाल्या कुठल्याही धर्माच्या वा भाषेच्या असोत, त्यांच्या बाजूने त्या कलमाचा आधार घेऊन मोर्चा काढावा असे शहरातल्या कोणत्याही पक्षाला अद्याप निकडीचे वाटलेले दिसत नाही.