जोडून घेतल्यानंतर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ नांदेडला जोडलं गेलं, तर नांदेडातले मुधोळ, भैंसा आंध्रात गेले. रेघ नवी, सोयरिकी जुन्याच. किनवटच्या बाजारात आजही मराठीच्या जोडीला तेलुगू, गोंडी, बंजारा बोली कानावर पडतात.

युरोपीय संघाच्या विस्ताराकडे मी या रेघेवरून पाहतो. संघात जाण्याचं ध्येय घटनेत घालावं का, यावर मोल्दोवाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सार्वमत घेतलं. होकार जेमतेम ५०.३५ टक्के. रशियातून पैसा ओतून मतं विकत घेतली गेली, असा तिथल्या सरकारचा आरोप होता. मॉस्कोने तो नाकारला. पैशाचा माग काढणं, अफवा रोखणं हे करावंच लागेल. पण पैसे घ्यायला हात का पुढे होतो?

२०२२च्या अखेरीस नांदेडच्या सीमेवरच्या काही गावांतून तेलंगणात जाण्याची भाषा ऐकू येऊ लागली. तिकडे शेतकऱ्याला हंगामाला एकरी ५ हजार रुपये मिळत होते. पलीकडच्या मेहुण्याच्या खात्यात पेरणीच्या तोंडावर पैसे पडतात आणि आपण बियाण्यासाठी सावकाराच्या ओट्यावर बसतो, हे ज्याला रोज दिसतं त्याला अस्मितेचं भाषण कसं पुरेल? तेलंगणा आपलाच आहे, तिथल्या पक्षाने नांदेडात उघड सभा घेतली तर ती ढवळाढवळ नव्हे. मोल्दोवातला चोरटा पैसा वेगळा. मन हलतं ते मात्र दोन्हीकडे याच रोजच्या अडचणीपाशी.

नांदेडसह मराठवाडा महाराष्ट्रात विनाअट आला. विकास मंडळांची तरतूद १९५६ मध्येच घटनेत झाली. आपलं वैधानिक विकास मंडळ उभं राहिलं १९९४ मध्ये. मधल्या ३८ वर्षांत एक पिढी वाट पाहून थकली. उत्तर मॅसेडोनियाही २००५पासून युरोपीय संघाच्या दाराशी उमेदवार आहे. ग्रीसच्या आक्षेपामुळे त्याने २०१९ मध्ये देशाचं नाव बदललं, तर पुढे बल्गेरिया आडवा आला. अशा ताटकळलेल्या देशात बाहेरच्याला फार खटपट करावी लागत नाही. लोकांच्या कंटाळ्यावरच त्याचं भागतं.

पश्चिम बाल्कन देशांसाठी संघाने आता २०२४ ते २०२७ या काळाकरिता ६ अब्ज युरो ठेवले आहेत. राजधान्या सोडून डोंगरातल्या गावापर्यंत त्यातले किती पोचतात आणि पेरणीच्या आत पोचतात का, तेवढं मला पाहायचं आहे.