सरव्यापासून सुरुवात

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले ते एकमेव अधिवेशन. त्याच वर्षी पुणे जिल्ह्यातल्या केडगावी, मुक्ती मिशनच्या छापखान्यातून, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले मराठी बायबल बाहेर पडले. ते पाहायला रमाबाई नव्हत्या. १९२२ मध्येच त्या गेल्या. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण गांधी आणि रमाबाई या दोघांचीही बायबलशी झालेली पहिली भेट फसली होती आणि ती कशी फसली, हे दोघांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. बायबल पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या मराठी वाचकाने आधी या दोन हकिगती ऐकाव्यात.

गांधी लंडनला कायदा शिकत असताना एका शाकाहारी गृहस्थाकडून त्यांनी बायबल विकत घेतले आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतले. ‘उत्पत्ती’च्या पुढची प्रकरणे वाचताना त्यांना हटकून झोप येई. ‘गणना’ हे पुस्तक तर त्यांना अजिबात रुचले नाही. वाचले एवढे म्हणता यावे म्हणून ते नेटाने पाने उलटत राहिले. नव्या करारातले येशूचे डोंगरावरील प्रवचन आले तेव्हा मात्र ते थेट काळजाला भिडले आणि त्यांनी ते गीतेशी ताडून पाहिले.

रमाबाईंची गोष्ट याहून बोलकी आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, त्या रमाबाईंना तिथल्या ख्रिस्ती मंडळींनी संस्कृत बायबल भेट दिले. त्यांना ते कळले नाही. भाषा संस्कृतच होती, पण त्यांच्या ओळखीच्या ग्रंथांतली नव्हती, आणि शिकवणही परकी वाटली. हे वाचणे म्हणजे वेळ दवडणे, असे त्यांना वाटले. पुढे लग्नानंतर सिल्चरला पतीच्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती लागली. ते एकच छोटे पुस्तक होते आणि रोजच्या व्यवहारातल्या भाषेत होते. रमाबाई खऱ्या अर्थाने बायबल वाचू लागल्या त्या तिथून. विद्वत्ता अपुरी पडली म्हणून पहिली भेट फसली, असे त्यांच्याबाबत कोण म्हणेल? चूक दाराची होती.

मराठी वाचकाला हे चुकीचे दार फार ओळखीचे आहे. पोथी पहिल्या अध्यायापासून अखेरपर्यंत सलग वाचायची, ही आपली पारायणाची रीत. गुरुचरित्र सात दिवसांत पुरे होते, ज्ञानेश्वरीचे पारायण ठरल्या दिवसांत समाप्तीला येते. बायबलला ही रीत मानवत नाही, कारण तो एक ग्रंथच नव्हे. ज्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव आले, त्या ‘बिब्लिया’चा अर्थच ‘पुस्तके’ असा अनेकवचनी आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत जुन्या करारात ३९ आणि नव्यात २७ पुस्तके; कॅथलिक बायबलात एकूण ७३. कित्येक शतकांत, कित्येक हातांनी लिहिलेल्या या पुस्तकांत वंशावळी आहेत, देवळाची मापे आहेत, युद्धे, भजने, विलाप, म्हणी आणि खासगी पत्रेही आहेत. एखाद्या घरातली पुस्तकांची फळी डावीकडून उजवीकडे वाचत जावी, असे कुणी करत नाही.

आपल्याच परंपरेत दुसरी रीतही आहे. वारकरी घरातले मूल ज्ञानेश्वरीच्या पहिल्या ओवीपासून सुरुवात करत नाही. त्याच्या कानावर आधी हरिपाठ पडतो, तुकोबांचे अभंग पडतात. ज्ञानेश्वरी सवडीने येते. बायबललाही हीच रीत लागू पडते. आधी जवळचे, मग लांबचे.

आता जवळचे म्हणजे कोणते? बेळगावहून बागलकोट रस्त्याने सांबरा गावाकडे निघाले की विमानतळ आणि हवाई दलाचे ठाणे लागण्याआधी शेते लागतात. मराठी-कन्नड सीमेवरच्या या शेतीच्या मुलखातल्या वाचकासाठी सर्वांत जवळचे दार ‘रूथ’ हे आहे. अवघे चार अध्याय, अर्ध्या तासात वाचून होतात. दुष्काळ पडतो म्हणून बेथलेहेमचे एक कुटुंब सीमा ओलांडून मवाब देशात जाते. तिथे घरातले तिन्ही पुरुष मरतात. सासू नामी माघारी निघते आणि मवाबी सून रूथ तिची साथ सोडत नाही. दोघी बेथलेहेमला पोचतात तेव्हा सातूची कापणी सुरू झालेली असते. रूथ शेतात सरवा वेचायला जाते.

‘सरवा’ हा शब्द मराठी बायबलात तसाच आहे. कापणी झाल्यावर शेतात पडून राहिलेली कणसे गोळा करणे म्हणजे काय, हे शेतीच्या गावात टीप देऊन सांगावे लागत नाही. शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना बजावतो, की पेंढ्यांतून मुद्दाम थोडे गळू द्या. देणाऱ्याने दिल्यासारखे दाखवू नये आणि घेणारीला मागावे लागू नये, ही त्यातली जाण कोणत्याही प्रवचनाइतकी खोल आहे.

मजल इथून पुढे सुरू होते. सरवा वेचायचा रूथला हक्क कुणी दिला, असा प्रश्न पडलेला वाचक ‘लेवीय’ उघडतो. पहिल्या पानापासून निघालेले बहुतेक वाचक ज्या पुस्तकात थकून थांबतात, तेच हे पुस्तक. त्याच्या १९व्या अध्यायात नियम सापडतो : शेताचा कानाकोपरा कापून नेऊ नका, सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. रूक्ष कायदा एकदम एका बाईच्या पदरातले धान्य होतो. आणि ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात उलटाच कायदा भेटतो. मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत प्रवेश नाही! एक पुस्तक दार लावते, दुसरे त्याच दारातून मवाबी सुनेला सन्मानाने आत आणते. ही पुस्तके आपसांत वाद घालतात, हे एकदा उमगले की वाचन अंगाला लागते. सीमेवर राहणाऱ्याला, नावाआधी मुलखाचे नाव चिकटणे म्हणजे काय हे ठाऊक असणाऱ्याला, हा वाद आणखी जवळचा.

शब्दांपाशीही असेच थांबावे लागते. ‘शुभवर्तमान’मधले वर्तमान म्हणजे बातमी, वर्तमानपत्रातले. ‘अनुवाद’ म्हणजे भाषांतर नव्हे, पुन्हा सांगणे. येशूच्या गोष्टींना मराठी बायबल ‘दाखले’ म्हणते, त्याचा तहसील कचेरीशी संबंध नाही. सांबऱ्यासारख्या गावात यावर एक उपाय घरातच असतो. मराठी बायबल, म्हणजे ‘पवित्र शास्त्र’, अडले तर कन्नड बायबल ‘सत्यवेद’ शेजारी ठेवावे. दोन भाषांतरकारांनी एकाच मूळ शब्दासाठी दोन वेगळे शब्द का निवडले, हे पाहताना अर्थ उलगडत जातो. सीमाभागाच्या दोन भाषांकडे नेहमी तंट्याच्या नजरेने पाहिले जाते. इथे ती चालून आलेली श्रीमंती आहे.

सोप्या भाषेचे मोल रमाबाईंना आयुष्यभर जाणवले. खेड्यातल्या, थोडेच शिकलेल्या बायांना कळेल असे बायबल हवे म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. त्यांच्या बऱ्याच आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सने ‘क्रिस्तपुराण’ छापले. जुन्या आणि नव्या कराराची कथा मराठी ओव्यांत, पुराणाच्या थाटात. ऐकणाऱ्याच्या कानाला सवयीचा छंद आधी, सिद्धान्त नंतर, हे त्यानेही ओळखले होते.

खुद्द बेळगावचे उदाहरण बाबा पदमनजींचे. १८३१ मध्ये इथे जन्मलेले, इथल्या मिशन शाळेत शिकलेले आणि १८५४ मध्ये इथेच बाप्तिस्मा घेतलेले बाबा पुढे ‘यमुनापर्यटन’ लिहून मराठी कादंबरीच्या आरंभाशी उभे राहिले. त्यांनी नव्या करारावर मराठीत टीकाही लिहिली. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा इथल्या ग्रामीण साहित्य संमेलनांत त्यांचे नाव अधिक वेळा आणि अधिक आपुलकीने यायला हवे.

बाप्तिस्म्याचा उल्लेख आला की एक शंका उठते : हे वाचन धर्म बदलण्याकडेच नेते का? उत्तर माणसागणिक निराळे आहे. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला. तेही डोंगरावरील प्रवचनापाशी खिळले आणि १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. गांधी त्याच प्रवचनापाशी खिळले आणि हिंदू राहिले. विनोबांनी नव्या करारातले वेचे काढून ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केले, तेही आपल्या ठिकाणी राहून. चौघांचेही, रमाबाई धरून, वाचन खरे होते. वाचण्यापूर्वीच निकाल ठरवून बसणे, मग तो कोणत्याही बाजूचा असो, हे मात्र वाचन नव्हे.

वेच्यांवरच थांबणेही पुरेसे नाही. ‘यहोशवा’तला संहार, १३७व्या स्तोत्राच्या अखेरचा सुडाचा आक्रोश हे सोडून दिले तर हातात गोड सुभाषिते उरतात आणि माणसे निसटतात. तिथे जायचेच, पण पाय रोवल्यावर. रूथनंतर लूक घ्यावा. त्याच्या १५व्या अध्यायातला उधळ्या मुलगा आणि त्याचा रुसलेला थोरला भाऊ प्रत्येक वाटणीच्या घरात भेटतात. रोज एक स्तोत्र, मोठ्याने. पौलाची पत्रे ‘प्रेषितांची कृत्ये’ झाल्यावर, कारण पत्र कुणी, कुणाला लिहिले हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. ‘प्रकटीकरण’ला घाई नको.

आणि मग कधीतरी मत्तयाचे पहिले पान. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका झाला, अशी लांबलचक वंशावळ. नवखा वाचक इथे पाने उलटून पुढे जातो. शेतातून आलेला वाचक पाचव्या वचनापाशी थबकतो, कारण त्या सगळ्या बापांच्या नावांत अचानक ओळखीचे माणूस दिसते : बवाजाला रूथपासून झालेला ओबेद. ओबेदचा नातू दावीद राजा, आणि त्याच्या घराण्यात येशू. सरवा वेचणारी मवाबी सून तिथे, नावानिशी.