टाकाऊतून टिकाऊ: काय टिकायला हवे?

नाताळ जवळ आला की मुले गोठा बनवू लागतात. ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणत आपण आइस्क्रीमच्या काड्यांचे नवे पाकीट विकत आणतो, रिकामी बाटली हवी म्हणून भरलेली ओतून टाकतो. वस्तू सुंदर होते. पण याला काटकसर म्हणावे का?

१२२३ साली ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने नाताळचा देखावा उभारला तो गव्हाण, गवत, बैल आणि गाढव यांनी. गावात होते तेच पुरले. आपल्या घरीही बुटांचा खोका, नारळाची करवंटी, जुनी लग्नपत्रिका आणि पिठाची खळ असते. खोक्याचा गोठा, करवंटीची गव्हाण, पत्रिकेचा तारा.

मुलाचा तारा वाकडा निघेल. तो आपण सरळ करू नये. खोका तर जानेवारीत रद्दीत जाणारच. टिकायला हवी ती मुलाची नजर: फेकण्याआधी थांबून पाहणारी. करवंटीतही काही उरले आहे असे ज्याला दिसते, त्याला खाटेवर पडलेले आजोबा अडगळ वाटणार नाहीत, अशी आशा धरता येते.

म्हणून दुकानात जाण्याआधी मुलांसोबत एकदा माळा पाहा.