वेष्टनावरची बारीक अक्षरे

सेवाग्राम आश्रमाच्या एकादश व्रतांत 'अस्वाद' हे एक व्रत आहे. जिभेच्या चोचल्यांसाठी खायचे नाही, असा त्याचा अर्थ. हे सर्वांना पेलणारे नाही. मग मुलांना चॉकलेट आइस्क्रीम घेऊन देण्यात पाप आहे का?

नाही. दूध, साखर, कोको यांत कसले पाप? पण वेष्टन उलटून पाहू या. त्यावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहिले असेल, तर दुधाच्या स्निग्धांशाची जागा बहुधा वनस्पती तेलाने घेतलेली असते. ४७१ हा तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा घटक, तर ४१२ म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक. गवार आपण भाजीत खातोच, म्हणून प्रत्येक आकडा विष नव्हे. पण दुधाचा मऊपणा दुधाच्या स्निग्धांशाशिवाय आणला जातो आणि जिभेला ते कळत नाही.

सेवाग्रामजवळच, वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम ख्रिस्ती अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा पाहत. वस्तू विकत घेणारा तिच्या घडणीतल्या बऱ्यावाईटाचाही वाटेकरी असतो, असे ते मांडत.

कारखाना दूर असला तरी घटक वेष्टनावर छापलेले असतात. ते न वाचणे ही आपलीच निवड. गरिबाच्या लेकराच्या हातातला स्वस्त कोन हिसकावणे हा धर्म नव्हे. परंतु आपण काय देतो हे जाणून देणे, हे प्रेमाचेच काम आहे. पुढच्या सणाला दूध आटवून घरीच कुल्फी लावू या. दुकानातून आणलेच, तर ती बारीक अक्षरे मुलांकडूनच मोठ्याने वाचून घेऊ या.