कलमात न बसलेले पंधराशे रुपये

महाराष्ट्रात पगारावर जगणाऱ्या माणसाच्या वेतनचिठ्ठीत दरमहा २०० रुपयांची एक कपात असते. फेब्रुवारीत ती ३०० ची होते. वर्षाचे २,५०० रुपये, नाव व्यवसाय कर. प्राप्तिकरावरून घराघरांत त्रागा होतो, पण या कपातीकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, कारण रक्कमच किरकोळ. हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. खेड्यातल्या मजुराला काम मागण्याचा हक्क द्यायचा आणि त्याचा खर्च शहरातल्या पगारदाराने, वकील-डॉक्टराने, दुकानदाराने उचलायचा, असं या राज्याच्या विधिमंडळाने ठरवलं होतं. जोडीला मोटारींच्या करावर, विक्रीकरावर अधिभार बसले, बागायती जमिनीवरही भार पडला. आणि या सगळ्यातून जेवढा पैसा जमेल तेवढाच शासनाने आपल्या तिजोरीतून घालायचा, असं बंधनही सरकारने स्वतःवर घालून घेतलं.

गरीब कुटुंबांना सरकारने काय द्यावं यावर गेली काही वर्षं जो गलका चालू आहे, त्यात ही गोष्ट कुणाला आठवत नाही. एक बाजू ‘रेवडी’ म्हणून नाक मुरडते, दुसरी ‘सन्मान’ म्हणून फलक लावते, आणि सत्ता बदलली की दोन्ही बाजू संवादांची अदलाबदल करतात. द्यावं की देऊ नये हा वाद माझ्या मते संपलेला आहे, कारण देत नाही असा पक्ष आता उरलेला नाही. जे देता ते कोणत्या कलमाखाली आणि कुणाच्या खिशातून, एवढंच विचारायचं बाकी आहे. ते विचारण्याची जागा सभागृह. नेमकं तिथेच ते विचारलं जाईनासं झालं आहे.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेली पिढी अजून घराघरांत आहे. मिलोची भाकरी, सुकडीसाठी लागलेल्या रांगा, भर उन्हात खडी फोडणाऱ्या बाया. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. पण रोजगार हमीची कल्पना दुष्काळाच्या आधीची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्येच आपल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, तिचा प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळ येतो, कामं निघतात, पाऊस पडला की बंद होतात. या चक्रात मजूर कायम सरकारच्या मर्जीवर राहतो, हे पाग्यांनी ओळखलं होतं. काम मिळणं ही मदत न राहता मागणी व्हावी, हा त्यांचा आग्रह.

योजना जाहीर झाली वसंतराव नाईकांच्या काळात. कर बसला तेव्हा शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. १९७७ मध्ये कायदा मंजूर झाला तेव्हा वसंतदादा, आणि २६ जानेवारी १९७९ ला तो अमलात आला तेव्हा शरद पवार. चार मुख्यमंत्री, मध्ये आणीबाणी, केंद्रातलं सत्तांतर, राज्यातलं बंड. तरी कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने संमत झाला. हे एकमत निव्वळ करुणेतून आलं असं मानण्याइतका मी भाबडा नाही. बागायतदार आमदारांना पाझर तलाव आणि रस्ते हवे होते. मजूर गावातच राहिला तर हंगामात हाताशी मिळेल, हाही हिशोब होता. मुंबईला लोंढे नको होते. डाव्यांना आणि समाजवाद्यांना हक्क हवा होता. प्रत्येकाचा स्वार्थ सभागृहात उघड मांडला गेला आणि त्यातून सौदा ठरला. मला हा सौदा फार आवडतो, कारण तो लपवलेला नव्हता.

कायद्यात काय होतं? मागितल्यावर पंधरा दिवसांत काम, नाही मिळालं तर बेकारी भत्ता. भत्ता सुरुवातीला दिवसाला अवघा एक रुपया, आणि तोही फारसा कुणाच्या हाती पडला नाही. मस्टरवर खोटी नावं चढली, मापं कमी धरली गेली, मुकादमांनी हात मारला. सगळं खरं. पण कलम होतं म्हणून शहाद्याच्या श्रमिक संघटनेला तहसीलदारासमोर उभं राहून ‘काम द्या’ म्हणता येत होतं. विनवणी करावी लागत नव्हती, अर्ज देऊन पावती घेता येत होती. विधिमंडळाची खास रोजगार हमी समिती जिल्ह्याजिल्ह्यांत दौरे काढायची आणि अधिकाऱ्यांना घाम फुटायचा.

कायदा केला म्हणजे सगळं झालं, असंही नाही. १९८८ मध्ये किमान वेतन जवळपास दुप्पट झालं आणि हमीवरच्या कामालाही तोच दर लागू झाला. मजुरी वाढली तशी कामावर येणाऱ्यांची गर्दी वाढायला हवी होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत ती घटली, कारण कामंच कमी काढली गेली. हमी कागदावर तशीच राहिली, तिचा नळ मात्र कुणीतरी गुपचूप पिळून बंद केला. तरी हे उघडकीला आलं, आणि त्यावर बोलता आलं, ते मोजायला कायद्याची पट्टी होती म्हणून.

हाच कायदा पुढे दिल्लीला गेला. डिसेंबर २००४ मध्ये लोकसभेत आलेलं रोजगार हमी विधेयक तोकडं होतं. फक्त गरीब ठरलेल्या कुटुंबांपुरतं. ते ग्रामविकासाच्या स्थायी समितीकडे गेलं. समितीचे अध्यक्ष होते भाजपचे कल्याण सिंह. सरकार काँग्रेसप्रणीत, समितीचा प्रमुख विरोधी पक्षाचा, आणि त्या समितीने विधेयक आखडण्याऐवजी रुंद करायला सांगितलं: दारिद्र्यरेषेची अट काढा, ग्रामीण भागातल्या प्रत्येक कुटुंबाला हक्क द्या. ऑगस्ट २००५ मध्ये ते संसदेत मंजूर झालं ते या बदलासह. आठ महिने लागले. ज्याला आपण संसदीय विलंब म्हणून हिणवतो, त्या आठ महिन्यांनी कोट्यवधी कुटुंबांना यादीत नाव शोधत फिरण्यातून सोडवलं.

अन्न सुरक्षा कायद्याची कथा इतकी देखणी नाही. विलास मुत्तेमवारांच्या समितीने २०१३ च्या जानेवारीत अहवाल दिला, पण सरकारला निवडणूक दिसू लागली आणि जुलैत थेट अध्यादेश निघाला. मग ऑगस्टअखेर लोकसभा, सप्टेंबरात राज्यसभा. घाईतला असला तरी तो कायदा होता. त्यात गरोदर बाईला किमान ६,००० रुपये द्यायचे असं लिहिलं आहे. सरकारने २०१७ मध्ये योजना काढली ती पहिल्या अपत्यापुरती आणि ५,००० ची. इथे निदान बोट ठेवायला ओळ आहे: तेव्हा तुम्ही हजार रुपये कमी दिले आणि दुसऱ्या बाळंतपणाकडे पाठ फिरवली.

आता आपल्या लाडक्या विषयाकडे. २८ जून २०२४ ला अजित पवारांनी अतिरिक्त अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर केली आणि त्याच दिवशी शासन निर्णय निघाला. महिना १,५०० रुपये, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. वर्षाचा अंदाजित खर्च ४६,००० कोटी. काही दिवसांत पाच एकर जमिनीची अट गेली, वयाची मर्यादा ६० वरून ६५ झाली. रक्षाबंधनाच्या सुमारास हप्ते खात्यात पडले, नोव्हेंबरात महायुतीने विधानसभा जिंकली. या पैशातून बायकांनी औषधं आणली, मुलांच्या फिया भरल्या, पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं बँक खातं स्वतः वापरलं. रोख पैसा बाईच्या हातात जाण्याला मी कधीच उधळपट्टी म्हणणार नाही. ज्यांना ती उधळपट्टी वाटते त्यांनी साखर कारखान्यांच्या थकहमीची बेरीज एकदा मांडून पाहावी.

माझी तक्रार वेगळी आहे. अर्थसंकल्पावर भाषणं झाली, तरतूद मंजूर झाली, पण या योजनेसाठी विधेयक आलं नाही. ते आलं असतं तर कुणाला पात्र धरायचं यावर कलमवार चर्चा झाली असती, दुरुस्त्या सुचवल्या गेल्या असत्या, पैसा कोणत्या करातून येणार हे अर्थमंत्र्यांना सांगावं लागलं असतं. ते न झाल्याने जे शासन निर्णयाने आलं ते शासन निर्णयाने आक्रसत गेलं. २०२५ मध्ये सुमारे २६ लाख नावं छाननीत अडकली. चौदा हजारांवर पुरुष ‘बहीण’ म्हणून पैसे घेताना सापडले, त्यावर राज्यभर हसू झालं. पण ज्या बाईचं नाव चुकून कापलं गेलं तिने कोणत्या कलमाचा आधार घेऊन दाद मागायची? तिला हप्ता बंद झाल्याचं कळतं ते खात्यात पैसे न आल्यावर. आणि पैसा कुठून आला हेही कळलं ते भलत्याच वाटेने. आपल्या खात्याचा निधी वळवल्याची तक्रार सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीरपणे केली. म्हणजे एका गरिबाच्या ताटातलं दुसऱ्या गरिबाच्या ताटात. १९७५ च्या विधिमंडळाने पगारदाराच्या खिशात हात घातला होता, आणि तसं त्याला तोंडावर सांगितलं होतं.

विरोधकांनी हे विचारायला हवं होतं. त्यांनी निवडणुकीत महिना ३,००० चं आश्वासन दिलं. लिलावात बोली चढवावी तसं. कायदा करू, असं ठणकावून कुणी म्हटलं नाही.

दिल्लीत तर उलट्या दिशेचा प्रवास झाला. डिसेंबर २०२५ मध्ये २००५ च्या त्या कायद्याच्या, म्हणजे मनरेगाच्या जागी नवा ‘विकसित भारत’ रोजगार कायदा आला. दिवस १०० चे १२५ केले, ते चांगलंच. पण बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के भार टाकला, प्रत्येक राज्याच्या वाट्याला केंद्राने ठरवलेली रक्कम, त्यावरचा खर्च राज्याचा, आणि पेरणी-कापणीच्या हंगामात ६० दिवस कामं बंद ठेवण्याची मुभा. मागणी येईल तेवढं काम, हा जुन्या कायद्याचा कणाच त्यामुळे वाकतो. विधेयक समितीकडे पाठवा, ही विरोधकांची मागणी फेटाळली गेली. १६ तारखेला मांडलेलं विधेयक १८ तारखेला लोकसभेत मंजूर, आणि त्याच रात्री बारा वाजून गेल्यावर राज्यसभेत. २००५ च्या कायद्याला आठ महिने लागले होते, याला तीन दिवस. २०१८ आणि २०२३ मध्ये लोकसभेने साऱ्या देशाच्या खर्चाच्या मागण्या चर्चेविना संमत केल्या होत्या, तेव्हा या घाईचं नवल वाटू नये. २०२३ मध्ये तर गोंधळ घालणाऱ्यांत सत्ताधारीही होते आणि विरोधकही.

चर्चा न झाल्याचा भुर्दंड कुणावर पडतो ते पाहायचं तर संजय गांधी निराधार योजना पाहा. १९८० पासूनची. निराधार विधवेला, परित्यक्तेला महिना १,५०० रुपये. पण तिच्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपये. वर्षाला. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये मिळवणारं कुटुंब सरकारच्या लेखी निराधार बाईचं म्हणता येईल की नाही याच्या काठावर. तीच रक्कम लाडक्या बहिणीला द्यायची तर मर्यादा अडीच लाख. म्हणून तलाठ्याकडून उत्पन्नाचा खोटा दाखला घेणं हा त्या विधवेचा नाइलाज होतो आणि दर खेपेला तिला त्याची किंमत मोजावी लागते. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमधला ८० वर्षांखालच्या म्हातारीसाठीचा वाटा २०० रुपये आहे, २००६ पासून. खासदारांचे पगार-भत्ते महागाईशी जोडण्याची तरतूद याच संसदेने केली, म्हातारीच्या दोनशेंना तो नियम लागू नाही.

डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरतं. तुमच्या आमदाराला त्याआधी एक पत्र लिहा. लाडकी बहीण आणि निराधार योजना एकाच कायद्यात आणा, रक्कम महागाईशी जोडा, नाव कापण्यापूर्वी नोटीस आणि अपील द्या, आणि त्यासाठी कोणता कर लावणार ते सभागृहात सांगा. कर माझ्यावर लावणार असाल तर माझी हरकत नाही, हेही त्या पत्रात लिहा.